आगबोट उशिरां कां सुटते?

नाशिकच्या माणसाचें पाण्याशीं जें नातें आहे तें गोदावरीपुरतें. रामकुंडावरचें स्नान, घाटावरची संध्याकाळ, आणि पावसाळ्यांत पूर आला म्हणजे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कंबरेपर्यंत चढलें कीं छातीपर्यंत, याची आस्थेनें केलेली चौकशी, एवढ्यांत त्याचा जलव्यवहार आटोपतो. समुद्र त्याच्या वाट्याला सठीसहामाशीं येतो. असें असूनहि अलीकडे नाशिकमधील पुष्कळ कुटुंबें सुटीच्या दिवसांत मुंबईस जातात आणि तेथून पर्यटनाच्या मोठ्या आगबोटीनें गोव्याची किंवा लक्षद्वीपाची सफर करून येतात. अशा सफरींसाठीं मुंबई बंदरांत बांधलेल्या आंतरराष्ट्रीय स्थानकाचें उद्घाटन २०२५ सालीं झालें. तेव्हां या प्रवाशांची संख्या यापुढें वाढत जाणार हें उघड आहे.

अशा एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. घरांतील आजी आयुष्यांत प्रथमच समुद्रावर जाणार आहेत. मुलांनीं महिनाभर दिवस मोजले आहेत. कर्त्या माणसानें वर्षाची शिल्लक तिकिटांत घातली आहे. पहांटे नाशिकरोडला गाडी पकडून, कसाऱ्याचा घाट उतरून, सामानसुमानासह मंडळी दुपारीं धक्क्यावर येऊन पाहतात तों बोट समोर उभी आहे, पण कोणास वर चढूं देत नाहींत. प्रथम सांगतात, दोन तासांचा उशीर आहे. मग चार तासांचा. मग एक अधिकारी येऊन मोठ्या अदबीनें सांगतो कीं, ‘तांत्रिक कारणामुळें’ बोट आज सुटणार नाहीं. आजींना बसावयास धड जागा नाहीं, मुलें रडकुंडीस आलीं आहेत, आणि कर्ता पुरुष संतापला आहे. ‘एवढी अनेक मजल्यांची बोट, आणि यांना एक यंत्र दुरुस्त करतां येत नाहीं?’ असा त्याचा सवाल आहे. सवाल रागाच्या भरांत केलेला असला तरी अगदीं वाजवी आहे, आणि त्याचें उत्तर समजून घेण्यासारखें आहे.

जो घाट हें कुटुंब सकाळीं उतरून आलें, त्या घाटापासूनच या उत्तरास आरंभ करतां येईल. थळ घाटांतून कसाऱ्याहून इगतपुरीस जाणारा लोहमार्ग १८६५ सालीं सुरू झाला. ३७ फुटांस एक फूट अशी तेथील चढण आहे. ही चढण एकट्या इंजिनास पेलत नाहीं, म्हणून कसाऱ्यास जड गाड्यांच्या पाठीमागें जादा इंजिनें जोडतात. पुढचें ओढतें आणि मागचीं ढकलतात. घाटांत एखादें इंजिन बिघडलें तर ब्रेक लावून गाडी रुळांवर उभी करतात, मदतीस दुसरें इंजिन येतें, आणि तास दोन तास मोडले तरी गाडी ज्या जागीं उभी केली त्याच जागीं सांपडते. बोटीची गोष्ट येथेंच निराळी होते. तिच्याखालीं रूळ नाहींत. भर समुद्रांत यंत्र थांबलें म्हणजे बोट थांबत नाहीं, ती वाहूं लागते. वारा आणि प्रवाह नेतील तिकडे ती जाते. वेग नाहींसा झाला कीं सुकाणूहि निकामी होतें, कारण सुकाणूला बोट वळविण्याचें बळ येतें तें त्याच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्यामुळें. मग लाटांना तोंड देण्याऐवजीं बोट त्यांच्यापुढें आडवी पडते आणि दोन्ही कुशींवर हेलकावे खाऊं लागते. सारांश, आगगाडीचें इंजिन बिघडणें ही बहुधा गैरसोय असते. बोटीचें यंत्र बिघडणें हें संकट होऊं शकतें. हा एक भेद ध्यानांत धरला तर पुढील विवेचन सोपें होईल.

शिडांच्या जहाजांपुढें हा प्रश्न नव्हता. त्यांच्यापुढें दुसराच होता. वारा पडला कीं जहाज जागच्या जागीं खोळंबून राही. परंतु वारा कोणाच्या हातचा नसल्यामुळें उशिराचा दोष नाखव्यावर कोणी ठेवीत नसे. वाफेचें यंत्र आलें, माणसानें वाऱ्याची ताबेदारी झुगारून दिली, आणि त्याबरोबर उशिराची जबाबदारीहि आपल्या शिरावर घेतली. या जबाबदारीचा एक जुना धडा मुंबईनेंच गिरविला आहे. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजीं सुवेझला जाण्यास निघाली. तिच्यांत कोळसा ठेवण्याची सोय होती ती साडेपांच दिवसांपुरती, आणि एडन बंदर तर जवळजवळ अकरा दिवसांच्या वाटेवर. तेव्हां माणसांनीं राहावयाच्या खोल्यांतूनहि कोळसा रचावा लागला. वाटेंतील बंदरांतून पुन्हां कोळसा भरून घेण्यांत बरेच दिवस मोडले, आणि सुवेझ गांठावयास एप्रिल महिन्याची २२ तारीख उजाडली. यंत्र चालू असूनहि बोटीचा खोळंबा होऊं शकतो, हें त्या सफरीनें दाखवून दिलें. बोट चालते ती एका यंत्रावर नव्हे. एकास एक जोडलेल्या अनेक दुव्यांच्या सांखळीवर चालते. हें ओळखणारीं माणसेंहि त्या काळीं मुंबईंत होतीं. त्याच वाडिया घराण्यांतील अर्देशीर कर्सेटजी हे मुंबईच्या आगबोटींच्या कारखान्याचे मुख्य यंत्रज्ञ झाले, आणि १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. तो मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ.

पुढें कोंकणच्या किनाऱ्यावर आगबोटींची नियमित ये-जा सुरू झाली आणि चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्या त्यांतून मुंबईस आल्या नि गेल्या. पावसाळा लागला कीं ही वाहतूक बंद होई, आणि समुद्र निवळला कीं पुन्हां सुरू होई. त्या बोटी आतां राहिल्या नाहींत. २०१८ सालीं ‘आंग्रिया’ ही बोट मुंबई-गोवें मार्गावर सुरू झाली तेव्हां सरखेल कान्होजी आंग्रे यांचें स्मरण अनेकांस झालें; पण ती उतारूंची नेहमींची वाहतूक नव्हती, ती हौसेची सफर होती. हौसेच्या बोटीचें स्वरूपच वेगळें. तिच्यांत माणसें हजारोंनीं राहतात, जेवतात, झोंपतात. त्यामुळें तिच्या यंत्रांवर केवळ बोट हांकण्याचेंच नव्हे, तर एक लहानसें गांव चालविण्याचें ओझें असतें.

हें ओझें कसें वाहिलें जातें तें पाहूं गेल्यास सांखळीचे दुवे स्पष्ट दिसतात. जुन्या पद्धतींत डिझेल इंजिनाचा फिरणारा दांडा दंतचक्रांच्या द्वारें थेट बोटीच्या शेंपटाकडील पंख्यास जोडलेला असे, आणि आजहि पुष्कळ बोटींत ही पद्धत आहे. मोठ्या प्रवासी बोटींतून मात्र अलीकडे दुसरी योजना रूढ झाली आहे. तेथें चार, पांच किंवा सहा डिझेल इंजिनें असतात आणि प्रत्येक इंजिन आपल्या जनित्रानें वीज उत्पन्न करतें. ती सर्व वीज एका फलकावर गोळा होते. तेथून कांहीं दिव्यांना, स्वयंपाकघराला, पाणी गोड करण्याच्या यंत्रांना जाते, आणि मोठा भाग पंखे फिरविणाऱ्या विजेच्या मोटारींना जातो. मोटारीची गति कमीजास्त करण्यासाठीं मध्यें वीज रूपांतरित करणारीं उपकरणें असतात. म्हणजे इंधन, इंजिन, जनित्र, फलक, रूपांतरक, मोटार, दांडा आणि पंखा असे हे आठ दुवे झाले. शिवाय प्रत्येक दुव्यास थंड ठेवणारें पाणी आणि घर्षण कमी करणारें वंगण लागतें तें निराळेंच. यांपैकीं कोणताहि एक दुवा निखळला तरी वरच्या मजल्यावरील प्रवाशास परिणाम दिसतो तो एकच, बोट चालत नाहीं. एकाच तापाचीं कारणें दहा असावींत आणि वैद्यास नाडी हातीं घेऊन बसावें लागावें, तसा हा प्रकार आहे. दोष शोधण्यासच पुष्कळदां दुरुस्तीहून अधिक वेळ लागतो.

१९९८ सालीं ‘इलेशन’ नांवाच्या प्रवासी बोटींत आणखी एक सुधारणा आली. मोटार बोटीच्या पोटांत न ठेवतां, शेंगेच्या आकाराच्या एका लोखंडी पेटींत घालून ती पेटी बोटीच्या तळाबाहेर पाण्यांत टांगावयाची, आणि पंखा त्या पेटीलाच बसवावयाचा, अशी ही युक्ति आहे. ही शेंग सर्व बाजूंना फिरूं शकते, त्यामुळें वेगळें सुकाणू लागत नाहीं. बोट आहे त्या जागींहि वळूं शकते, शिवाय आंतील जागा वांचते आणि थरथर कमी होते. परंतु प्रत्येक सोयीची किंमत कोठें तरी द्यावीच लागते. या शेंगेंतील दांडा ज्या बेअरिंगांवर फिरतो तीं बेअरिंगें झिजलीं, अथवा पाणी आंत येऊं न देणारी बंदिस्ती सैल झाली, तर दोष पाण्याखालीं असतो. पाणबुड्ये खालीं जाऊन बाहेरून पाहणी करूं शकतात. पण अशी शेंग उघडून आंतला मोठा भाग बदलावयाचा तर बहुधा बोट सुक्या गोदींत न्यावी लागते. सुकी गोदी म्हणजे दरवाजा असलेला एक प्रचंड हौद. बोट आंत घेऊन दरवाजा लावतात, पाणी उपसून काढतात, आणि बोट ठोकळ्यांवर टेकली कीं कामास लागतात. मुंबईची १९१४ सालची ह्यूज गोदी एक हजार फूट लांबीची आहे. कोचीच्या कारखान्यांत ३१० मीटर लांबीची नवी गोदी २०२४ सालीं कार्यास लागली. परंतु अशा मोठ्या गोद्या जगांत मोजक्याच, आणि त्यांच्या तारखा पुष्कळ आधींच ठरलेल्या. म्हणून ज्या दोषास मोटारगाडीच्या बाबतींत एक दिवस लागेल, त्यास बोटीच्या बाबतींत कित्येक आठवडे लागतात, आणि पुढच्या सफरी एकामागून एक रद्द होत जातात.

येथें कोणी विचारील कीं, इंजिनें अनेक असतांना एक बिघडल्यानें एवढें बिघडतें काय? याचें उत्तर थोड्या गणितानें मिळतें. पाण्यांतून बोट ढकलण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते, असा स्थूल नियम आहे. वेग दुप्पट हवा असेल तर शक्ति आठपट लागते. हाच नियम उलट वाचला तर दिलासा देतो. निम्मी शक्ति गेली तरी वेग निम्मा होत नाहीं. तो सुमारें एकपंचमांशानेंच कमी होतो. ताशीं २० सागरी मैल जाणारी बोट अर्ध्या शक्तीवर ताशीं १६ मैल जाऊं शकते. २४० सागरी मैलांवरील बंदर तिनें बारा तासांत गांठावयाचें तें पंधरा तासांत गांठलें, एवढाच फरक. मुंबईहून गोव्यास जाणारा प्रवासी हे तीन तास हंसत काढील. परंतु सफर लांबची असेल तर हेच तास सांठत जातात. बंदरांतील जागा, वाट दाखविणारा पायलट आणि भरतीची वेळ हीं सर्व आगाऊ ठरलेलीं असतात. वेळ हुकली कीं तें बंदरच गाळावें लागतें. जानेवारी २००६ मध्यें ‘क्वीन मेरी २’ ही भली मोठी बोट अमेरिकेंतील फ्लोरिडाचा किनारा सोडतांना खाडीच्या काठास घांसली आणि तिच्या चार शेंगांपैकीं एक दुखावली. उरलेल्या तिहींवर ती पुढें गेली, पण वेग कमी झाल्यानें वाटेंतील कांहीं बंदरें गाळावीं लागलीं. प्रवाशांचा एवढा क्षोभ झाला कीं बोटीवरून उतरणारच नाहीं असा धाक त्यांनीं घातला. कंपनीनें प्रथम निम्मे पैसे परत देऊं केले होते. पुढें सर्व परत देण्याचें मान्य केलें.

हा झाला वेग कमी होण्याचा प्रकार. याहून वाईट प्रकार म्हणजे सर्वच शक्ति नाहींशी होणें, आणि त्याचें मूळ कित्येकदां अगदींच क्षुल्लक असतें. १० फेब्रुवारी २०१३ रोजीं मेक्सिकोच्या आखातांत ‘कार्निव्हल ट्रायंफ’ या बोटीच्या यंत्रगृहांत इंधन वाहून नेणारी एक लवचिक नळी गळूं लागली. गळणारें इंधन तापलेल्या भागावर पडून आग लागली. आग लवकरच विझली, जीवितहानि झाली नाहीं, पण विजेची व्यवस्था अशी जळाली कीं सबंध बोट निश्चेष्ट झाली. चार हजारांहून अधिक माणसें चार दिवस त्या बोटीवर अडकून पडलीं. दिवे मोजके, अन्न थंड, आणि शौचकूपें बंद. अखेर दुसऱ्या बोटींनीं ओढीत तिला मोबील बंदरास आणलें. एक नळी बदलण्यास लागला असता तो वेळ, आणि ती न बदलल्यामुळें गेला तो वेळ, यांची तुलना ज्याची त्यानें करावी.

अशा प्रसंगांसाठींच समुद्रावरील सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारांत एक नवा नियम घालण्यांत आलेला आहे. १ जुलै २०१० नंतर बांधावयास घेतलेल्या मोठ्या प्रवासी बोटींत यंत्रसामग्रीची अशी विभागणी असली पाहिजे कीं, एका भागांत मर्यादित आग लागली किंवा पाणी शिरलें तरी दुसऱ्या भागाच्या बळावर बोटीस आपल्याच शक्तीनें बंदरास परततां यावें. नाशिककरांस ही कल्पना नवी वाटूं नये. ओझरच्या कारखान्यांत बनणाऱ्या सुखोई विमानास दोन इंजिनें असतात त्यांतील एक हेतु हाच कीं, एकानें दगा दिला तर दुसऱ्यावर घरीं परततां यावें. परंतु असा नियम कागदावर असून भागत नाहीं. राखीव यंत्र राखीव राहिलें तरच त्याचा उपयोग. तेंच नादुरुस्त असतांना बोट हांकारली, तर बाहेरून तिचा थाट तोच दिसतो, पण आंतून तिचा आधार निघून गेलेला असतो.

हें किती खरें आहे तें नॉर्वेच्या किनाऱ्यावर दिसून आलें. ‘व्हायकिंग स्काय’ ही या नव्या नियमाखालीं बांधलेली बोट. तिला चार जनित्रें होतीं, आणि त्यांपैकीं एक नादुरुस्त होऊन बंद होतें. तशा स्थितींत तिनें ट्रोम्सो बंदर सोडलें. २३ मार्च २०१९ रोजीं हुस्टाडव्हिका नांवाच्या खडकाळ आणि तुफानाबद्दल कुप्रसिद्ध असलेल्या पट्ट्यांतून जात असतां उरलेलीं तिन्ही जनित्रें एकामागून एक थांबलीं. कारण इंजिनें मोडलीं नव्हतीं, इंधन संपलें नव्हतें. टांक्यांतील वंगणाच्या तेलाची पातळी असावी त्याहून बरीच कमी ठेवली गेली होती. शांत पाण्यांत तें तेल पुरलें असतें. पण वादळांत बोट हेलकावूं लागली तेव्हां तेल टांकीच्या एका कडेला जाऊं लागलें, पंपाच्या तोंडीं हवा येऊं लागली, आणि वंगणाचा दाब पडतांच इंजिनें स्वतःच्या रक्षणासाठीं आपोआप बंद झालीं. बोटीवर १,३७३ माणसें होतीं. नांगर टाकले ते धरेनात. वारा बोटीस खडकांकडे ढकलीत होता, आणि सुमारें तिच्या स्वतःच्या लांबीइतकें अंतर उरलें असतां एक इंजिन पुन्हां सुरू करण्यांत यंत्रज्ञांस यश आलें. त्या दुपारपासून दुसऱ्या दिवसापर्यंत हेलिकॉप्टरांनीं दोरास बांधून ४७९ माणसें एकेक करून उचलून किनाऱ्यावर नेलीं. दुसऱ्या दिवशीं बोट मोल्डे बंदरास पोंचली. जीव कोणाचा गेला नाहीं, ही दैवाची कृपा. नॉर्वेच्या चौकशी मंडळानें २०२४ सालीं आपला अहवाल दिला तेव्हां त्यांत स्पष्ट म्हटलें कीं, त्या परिस्थितींत या बोटीनें ट्रोम्सो सोडावयासच नको होतें.

गोदावरीच्या पुरांत दुतोंड्या मारुतीकडे पाहून पाण्याचा अंदाज घेणारा नाशिककर या प्रसंगाचें मर्म चटकन् जाणील. मूर्तीच्या गुडघ्यांशीं पाणी आहे तोंवर घाटावरचा दुकानदार निश्चिंत असतो, कंबरेशीं आलें कीं माल हलवितो. पुढें काय होणार हें त्याला त्या एका खुणेवरून कळतें, मग पाऊस कितीहि थोडा पडो. यंत्रगृहांतील तेलाची काडी हीहि तशीच खूण आहे. फरक इतकाच कीं, नदींत पाणी चढलें म्हणजे भीति, आणि टांकींत तेल उतरलें म्हणजे भीति. खूण पाहून जो वेळीं थांबतो त्याला लोक भित्रा म्हणोत. खूण पाहूनहि जो निघतो त्याचें ओझें मात्र इतरांना वाहावें लागतें.

थांबण्याचा निर्णय सोपा नसतो, हेंहि कबूल केलें पाहिजे. बोट धक्क्यास बांधून ठेवली म्हणजे बंदराचें भाडें चढतें, प्रवाशांना पैसे परत करावे लागतात, वर्तमानपत्रांत नांव येतें. तरीसुद्धां असा निर्णय घेणारे झाले आहेत. डिसेंबर १९६८ मध्यें ‘क्वीन एलिझाबेथ २’ ही नवी बोट चाचणीसाठीं समुद्रावर गेली असतां तिच्या टर्बाइनांचीं पातीं निखळलीं. कंपनीनें बोट ताब्यांत घेण्याचें नाकारलें. जाहिरात झाली होती, सफरींचे बेत ठरले होते, सगळें जग पाहत होतें. तरी दुरुस्ती होऊन पुन्हां चाचणी होईपर्यंत वाट पाहिली गेली, आणि बोटीची पहिली सफर २ मे १९६९ रोजीं निघाली. त्यानंतर ती बोट जवळजवळ ४० वर्षें समुद्रावर होती. त्या चार महिन्यांच्या उशिराची आज कोणाला आठवणहि नाहीं.

याच्या उलट ज्या प्रसंगाची आठवण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अजून बुजलेली नाहीं, तो १७ जुलै १९४७ चा. त्या दिवशीं सकाळीं ‘रामदास’ ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाण्यास निघाली. दिवस अमावास्येचा, महिना भर पावसाळ्याचा, बोट घरीं परतणाऱ्या माणसांनीं भरलेली. काशाच्या खडकाजवळ तुफानानें तिला गांठलें, भेदरलेले उतारू एका बाजूस धांवले, बोट कलंडली, आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. तिच्या यंत्रांत बिघाड नव्हता. त्या सकाळीं एखाद्या क्षुल्लक बिघाडानें तिला दोन तास धक्क्यावर अडकवून ठेवलें असतें, तर धक्क्यावर आरडाओरड झाली असती, कप्तानाला चार शिव्या बसल्या असत्या, आणि कदाचित् रेवस, अलिबागकडील शेंकडों घरांत त्या रात्रीं दिवे लागले असते.

तेव्हां धक्क्यावर ताटकळणाऱ्या त्या नाशिकच्या कुटुंबास काय सांगावें? उशीर मुकाट्यानें सोसावा, असें नव्हे. प्रवाशानें पैसे मोजले आहेत, आणि त्याच्या आजींना बसावयास खुर्ची, मुलांना जेवण आणि त्याला स्वतःला खरी हकीकत मिळण्याचा हक्क आहे. ‘तांत्रिक कारण’ हे दोन शब्द म्हणजे हकीकत नव्हे. कोणता दुवा बिघडला आहे, दुरुस्त होणारा आहे कीं बदलावा लागणारा, तो न बदलतां बोट निघाली तर वेग किती राहील आणि कोणतें बंदर गळेल, हें सामान्य माणसास समजेल अशा भाषेंत सांगतां येतें, आणि तें बोट सुटण्यापूर्वीं सांगितलें पाहिजे. तसें सांगितलें तर माणसें रागावतात, पण समजूनहि घेतात. मात्र प्रवाशानेंहि आपला प्रश्न बदलला पाहिजे. ‘बोट अजून कां सुटत नाहीं?’ असें विचारण्याऐवजीं, ‘बिघडलेलें यंत्र दुरुस्त झालें का, कीं त्याच्यावांचूनच निघणार आहां?’ असें त्यानें विचारावें. पहिल्या प्रश्नानें कप्तानावर निघण्याचें दडपण येतें. दुसऱ्यानें त्याचे थांबण्याचे हात बळकट होतात. हजार माणसांनीं एका आवाजांत पहिला प्रश्न विचारला तर शहाणा अधिकारीहि क्षणभर डगमगतो. त्याच हजारांनीं दुसरा विचारला, तर राखीव यंत्र नादुरुस्त ठेवून बोट हांकारण्याचें धाडस सहसा कोणी करणार नाहीं.

संध्याकाळच्या गाडीनें तें कुटुंब कदाचित् परत फिरेल. कसाऱ्यास गाडी थांबेल, पाठीमागें जादा इंजिन जोडलें जाईल, आणि डब्यास एक बारीकसा धक्का बसेल. त्या थांबण्याविषयीं आजवर कोणा नाशिककरानें तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं, कारण पुढें घाट आहे हें प्रत्येकास ठाऊक असतें. समुद्रावरचा घाट डोळ्यांना दिसत नाहीं, एवढेंच. आजी नातवंडांस सांगतील, बोट पुढच्या महिन्यांत जाईल, आपणहि जाऊं.